कथा पाठवावी, की ठेवून द्यावी?

पुणे : उन्हाळा सरत आला, की मराठी लेखकांसाठी निवेदनांचा हंगाम सुरू होतो. दिवाळी अंकांचे संपादक साहित्य मागवू लागतात, कथास्पर्धांच्या घोषणा होतात आणि प्रत्येक निवेदनाखाली अटींची यादी असते. कथा स्वतंत्र व अप्रकाशित असावी, ठरावीक शब्दांपेक्षा मोठी नसावी, दिलेल्या विषयाला अनुसरून असावी, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. ही यादी वाचणाऱ्या नवोदित लेखकाजवळ अनेकदा एक कथा तयार असते. मात्र ती या अटींत पुरती बसत नाही आणि पुरती बाहेरही राहत नाही.

विषय 'पर्यावरण' असतो आणि कथेत आटलेल्या विहिरीमुळे मोडलेले एक लग्न असते. 'ग्रामीण कथा' मागवलेली असते आणि कथेतील कुटुंबाला गाव सोडून येरवड्याच्या वस्तीत येऊन दहा वर्षे झालेली असतात. मागणी विनोदी कथेची असते आणि हातातल्या कथेत शेवटाकडे येता येता हसू मावळते. अशी कथा पाठवावी काय?

प्रश्न किरकोळ वाटला, तरी लेखकाच्या दृष्टीने तो तसा नाही. दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो. एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये, असा संकेत आहे आणि पुष्कळ ठिकाणी तशी स्पष्ट अटही असते. नोकरी आणि संसार सांभाळून वर्षाकाठी एखादी कथा पुरी करणाऱ्याने ती चुकीच्या जागी पाठवली, तर त्याचे वर्ष जाते. 'ही इथे बसणार नाही' असे स्वतःच ठरवून ती कपाटात ठेवली, तरीही वर्ष जातेच. त्या वेळी नकार देणारा संपादक नसतो, लेखक स्वतः असतो.

नियतकालिकांच्या रूढ पद्धती, मराठी साहित्यातील काही प्रसिद्ध घटना आणि कायद्यातील तरतुदी एकत्र पाहिल्या, तर हा निर्णय केवळ मनाच्या कौलावर सोडावा लागत नाही.

'नारायण विनायक जगताप' यांची कथा

या संदर्भात आठवणारे सर्वांत बोलके उदाहरण पुढे पुण्याशी घट्ट जोडल्या गेलेल्या एका शास्त्रज्ञाचे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धेसाठी कथा मागवल्या होत्या. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा हेतू मराठीतून विज्ञानप्रसार करण्याचा होता. मराठी विज्ञानकथेचा साचा तेव्हा पुरता घडलेला नव्हता. विज्ञानाची माहिती गोष्टीच्या रूपात सांगणे म्हणजे विज्ञानकथा, की यंत्रमानव आणि परग्रहवासी आले म्हणजे विज्ञानकथा, याविषयी वाचकांच्या मनात एकवाक्यता नव्हती.

डॉ. जयंत नारळीकर त्या वेळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. विश्वरचनाशास्त्रातील संशोधक म्हणून त्यांचे नाव जगभर झाले होते आणि १९६५ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. कथालेखक म्हणून मात्र ते नवखे होते. त्यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणीनुसार, अहमदाबाद येथील एका परिषदेत एक भाषण कंटाळवाणे होऊ लागले, तेव्हा त्यांनी समोरच्या कागदांवर कथा लिहायला घेतली. 'कृष्णविवर' हे त्या कथेचे नाव. प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या सान्निध्यात काळ संथ गतीने सरकतो, हा सापेक्षता सिद्धान्ताचा निष्कर्ष तिच्या मुळाशी आहे.

कथा पूर्ण झाल्यावर ती आपल्या नावाने पाठवायची नाही, असे त्यांनी ठरवले. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' हे नाव त्यांनी घेतले. अक्षर ओळखले जाऊ नये, म्हणून पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून प्रत लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे त्यांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथासंग्रह १९७९ मध्ये आला. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था उभी राहिली, तेव्हा ते तिचे संस्थापक-संचालक झाले आणि पुण्यातच स्थायिक झाले. २०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या घटनेकडे बहुधा एक गमतीदार आठवण म्हणून पाहिले जाते. कथा पाठवावी की नाही, या प्रश्नासाठी तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. नारळीकरांनी नाव लपवले, कारण कथा कथा म्हणून टिकते का, याचे स्वच्छ उत्तर त्यांना हवे होते. ते उत्तर घरी बसून मिळणारे नव्हते. त्यासाठी कथा पाठवावीच लागणार होती. दुसरे असे, की स्पर्धेचा विषय त्यांच्या कथेच्या अंगावर चढवलेला पोशाख नव्हता. 'कृष्णविवर'मधून काळाचे ते संथ होणे काढले, तर कथाच उरत नाही.

अटी दोन प्रकारच्या

लेखकाचा गोंधळ होतो तो बहुधा सर्व अटी एकाच मापाने मोजल्यामुळे. कोणत्याही निवेदनातील अटींचे सरळ दोन गट पडतात. पहिला गट तांत्रिक अटींचा : शब्दमर्यादा, मुदत, कथा अप्रकाशित व स्वतंत्र असणे, वयोगट, एका लेखकाने किती कथा पाठवाव्यात, हस्तलिखितावर नाव असावे की नसावे. दुसरा गट आशयाच्या अटींचा : विषय, कथाप्रकार, अंकाची प्रकृती, वाचकांचा वयोगट.

पहिल्या गटात 'जवळपास बसते' असे काही नसते. कथा बसते किंवा बसत नाही. त्यामागे संयोजकांचा हेकेखोरपणा असतो असे नाही. छापील अंकाची पाने फर्म्यांच्या हिशेबाने ठरतात; एका कथेने तीन पाने जास्त घेतली, तर दुसऱ्या कोणाची तरी तीन पाने कमी होतात. स्पर्धेत तर ही समान न्यायाची बाब आहे. दोन हजार शब्दांत कथा बसवण्यासाठी ज्याने आवडता प्रसंग कापला, त्याच्यावर अडीच हजार शब्दांची कथा स्वीकारणे हा अन्याय ठरतो.

तांत्रिक अट किती जड असते, हे जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'च्या बाबतीत दिसले. या कथासंग्रहाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. संग्रहाच्या वाङ्मयीन मोलाविषयी शंका नव्हती. वाद निघाला तो पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून, म्हणजे ते पुरस्कारासाठी ठरवलेल्या कालावधीत बसते की नाही यावरून. त्यानंतर जी. ए. यांनी पुरस्कार परत केला. मराठीतील एका श्रेष्ठ कथाकाराच्या बाबतीत तारखेची अट आड येऊ शकते, तर नवोदिताने ती सैल मानू नये, हे उघड आहे.

'अप्रकाशित' या शब्दाचा अर्थ मात्र अलीकडे गुंतागुंतीचा झाला आहे. पूर्वी नियतकालिकात वा पुस्तकात छापून आलेली कथा म्हणजे प्रकाशित कथा, एवढे पुरेसे होते. आता कथा फेसबुकवर टाकलेली असते, व्हॉट्सअॅपच्या गटात फिरलेली असते, 'प्रतिलिपी'सारख्या व्यासपीठावर ठेवलेली असते किंवा एखाद्या कार्यक्रमात अभिवाचनातून सादर झालेली असते. यांपैकी काय चालते आणि काय चालत नाही, याचे सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही. अशा वेळी तर्क करण्यापेक्षा संयोजकांना एका ओळीत विचारणे श्रेयस्कर.

शब्द नीट वाचावेत

अटींची भाषा बारकाईने वाचली, तर पुष्कळ शंका तेथेच फिटतात. 'सुमारे दोन हजार शब्द' आणि 'जास्तीत जास्त दोन हजार शब्द' या दोन वेगळ्या अटी आहेत. पहिलीत शंभर-दीडशे शब्द इकडेतिकडे झाले तर चालावे; दुसरीत एक शब्दही जास्त होऊ नये.

विषयाच्या बाबतीतही असेच आहे. 'विषयावर आधारित' असे म्हटले, तर विषय कथेच्या केंद्रस्थानी हवा. 'विषयाला अनुसरून' म्हणताना थोडी मोकळीक दिलेली असते. 'विषयाशी संबंधित' याची कक्षा त्याहून रुंद असते. निवेदन लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी हे शब्द तोलूनमापून वापरलेले असतातच असे नाही. तरीही निवेदनात विषयाचे स्पष्टीकरण देणाऱ्या दोन-चार ओळी असतील, तर त्यांवरून संयोजकांच्या मनात काय आहे याचा अंदाज येतो. स्पष्टीकरणात प्रश्न विचारलेले असतील, तर त्यांना वेगवेगळी उत्तरे अपेक्षित आहेत. उपविषयांची यादी दिली असेल, तर अपेक्षा अधिक काटेकोर आहे.

विषय काढून पाहावा

आशयाची अट सैलपणे पाळणारी कथा पाठवावी की नाही, हे ठरवण्यासाठी एक साधी कसोटी उपयोगी पडते. कथेतून तो विषय काढून टाकावा आणि काय उरते ते पाहावे.

समजा, विषय 'पूर' आहे आणि पुण्यातील दोन लेखकांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर घेऊन कथा लिहिल्या आहेत. पहिल्या कथेत नारायण पेठेतील वाड्यावरून दोन भावांचे भांडण आहे. ते आधीपासूनच चालू आहे, पुराच्या दिवशी दोघे गच्चीवर जातात, पाणी ओसरते आणि भांडण पुढे चालू राहते. या कथेत पुराऐवजी दंगल, संचारबंदी किंवा घरातले लग्न ठेवले, तरी फारसे बिघडत नाही. दुसऱ्या कथेत पुराच्या पाण्याबरोबर वाड्याचे कागद वाहून जातात. कोणाचा हिस्सा कोणता, हे सांगणारा पुरावा उरत नाही आणि तोवर एकमेकांवर विश्वास ठेवून असलेले भाऊ प्रथमच एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. येथे पूर काढला, की कथा कोसळते.

पहिल्या कथेत पुराची वर्णने पानोपानी असतील आणि दुसरीत ती दोनच परिच्छेदांत आटोपली असतील. तरीही विषयाला धरून आहे ती दुसरी. विषयाचा उल्लेख किती वेळा आला यापेक्षा कथेतील माणसांचे वागणे त्या विषयामुळे बदलते का, हे महत्त्वाचे. या कसोटीवर आटलेल्या विहिरीमुळे मोडलेल्या लग्नाची कथा पर्यावरणाच्या अंकासाठी निःशंकपणे पाठवावी. येरवड्यात राहणाऱ्या कुटुंबाचे निर्णय अजूनही गावातील जमीन, जत्रा आणि भावकी यांवरून होत असतील, तर त्या कथेलाही 'ग्रामीण' म्हणवून घेण्याचा हक्क पोहोचतो. गाव केवळ आठवणीतील चित्र म्हणून येत असेल, तर दुसरी जागा शोधणे बरे.

याला पूरक अशी आणखी एक खूण आहे. कथेसोबत पाठवायच्या पत्रात 'ही कथा विषयात कशी बसते' हे समजावून सांगण्याची गरज लेखकाला वाटू लागली, तर ते काम कथेने केलेले नाही, असे समजावे.

अंकाची प्रकृती ओळखणे

काही अटी कोठेच लिहिलेल्या नसतात. त्या अंकाच्या परंपरेत असतात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला आणि तेथून मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली, असे मानले जाते. पुढील काळात अंकांच्या स्वतंत्र प्रकृती तयार झाल्या. अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये 'हंस' सुरू केले. 'मोहिनी' आणि 'नवल' ही त्यांचीच मासिके. एकाच संपादकाच्या या तीन मासिकांपैकी 'हंस' ललित साहित्याचे, 'मोहिनी' विनोदाकडे झुकणारे आणि 'नवल' अद्भुत व रहस्यमय कथांचे. एकाच्या टेबलावर परकी वाटणारी कथा शेजारच्या टेबलावर घरची ठरू शकत होती. पुण्यात बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या 'किशोर'साठी लिहिताना वाचकाचे वय हीच पहिली अट ठरते. मुलाविषयीची प्रत्येक कथा मुलांसाठीची कथा नसते, हे तेथे कथा पाठवणाऱ्याने ध्यानात घ्यावे लागते.

म्हणून ज्या अंकासाठी कथा पाठवायची, त्याचे मागील दोन-तीन अंक वाचणे हा शंकानिरसनाचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पुणेकरांना त्यासाठी अंक विकत घेण्याचीही गरज नाही. १८४८ पासूनचा वारसा सांगणारे पुणे नगर वाचन मंदिर, टिळक रस्त्यावरील महाराष्ट्र साहित्य परिषद आणि पेठापेठांतील लहान वाचनालये येथे दिवाळी अंक वाचायला मिळू शकतात. मागील अंकांतील कथा विषयाला किती सैलपणे धरून आहेत, हे पाहिले, की संपादक 'बसते' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतात, ते कळते.

कथा बदलावी काय?

कथा थोडी बाहेर राहते असे दिसले, की ती आत ओढण्याचा मोह होतो. येथे सावध राहणे आवश्यक आहे. विषय कथेत आधीपासून आहे, परंतु दबलेला आहे, अशा वेळी पुनर्लेखन कथेच्या हिताचेच ठरते. विषय कथेत नाहीच आणि तो बाहेरून आणून जोडायचा आहे, अशा वेळी ठिगळ दिसते. शेवटच्या परिच्छेदात अचानक झाड लावणारी नायिका किंवा पाणीबचतीवर बोलणारे आजोबा वाचकाच्या नजरेतून सुटत नाहीत.

'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करीत, बदल सुचवीत, कथा पुन्हा लिहून मागवीत. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडले. तशी पत्रे येण्याची अपेक्षा आज प्रत्येक संपादकाकडून करता येत नाही आणि स्पर्धेत तर परीक्षक व लेखक यांच्यात संवादच नसतो. साहजिकच पुनर्लेखनाचा निर्णय लेखकालाच घ्यावा लागतो. त्यासाठी कथा एखाद्या जाणत्या वाचकाला निवेदन न दाखवता वाचायला द्यावी आणि 'ही कशाविषयी आहे' एवढेच विचारावे. उत्तरात विषयाचा उल्लेख आपोआप आला, तर बदलाची गरज नाही.

काही कथांना मात्र मर्यादाच मानवत नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा' या पुस्तकात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच कथा आहेत. एवढा त्यांचा विस्तार. मराठीत 'दीर्घकथा' हा प्रकार लघुकथा आणि कादंबरी यांच्या मधोमध उभा आहे, तो अशा कथांसाठीच. सहा हजार शब्दांची कथा अडीच हजारांच्या स्पर्धेसाठी कापण्याऐवजी दीर्घकथा छापणाऱ्या अंकाची वाट पाहणे शहाणपणाचे.

हक्कांचा मजकूर

कथा बसते असे ठरल्यावरही अटींच्या तळाशी असलेला हक्कांविषयीचा मजकूर वाचल्याविना ती पाठवू नये. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सर्वसाधारणपणे कथेचा पहिला मालक लेखकच असतो आणि त्याचे हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे, तर ते लेखी आणि लेखकाच्या सहीने व्हावे लागतात. अशा लेखात मुदत नमूद केलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश नमूद नसेल, तर हक्क भारतापुरते मानले जातात. एकदा छापण्याची परवानगी देणे आणि सर्व हक्क देऊन टाकणे, यांत मोठे अंतर आहे. 'आलेल्या सर्व कथांचे सर्व हक्क संयोजकांकडे राहतील' असे वाक्य आढळले, तर निवड न झालेल्या कथेचे काय, हे आधी विचारून घ्यावे. विषयात अर्धवट बसणाऱ्या, म्हणजे निवडीची शक्यता कमी असलेल्या कथेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

निर्णय घेताना

लेखकाने पुढील क्रमाने विचार केला, तर निर्णय सोपा होतो.

* तांत्रिक अटींपैकी एकही मोडत असेल, तर कथा पाठवू नये. दुरुस्ती शक्य असेल तर करूनच पाठवावी.

* विषय काढल्यावर कथा उभी राहत नसेल, तर उल्लेख कमी असले तरी पाठवावी.

* विषय काढल्यावर कथा जशीच्या तशी उभी राहत असेल, तर ती कथा वाईट नाही. तिची जागा वेगळी आहे.

* खरोखरच निर्णय होत नसेल, तर संयोजकांना एका वाक्यात विचारावे. संपूर्ण कथानक सांगू नये. 'गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबाची कथा चालेल काय?' एवढा प्रश्न पुरे.

* विचारूनही उत्तर आले नाही आणि मुदत जवळ आली, तर पाठवावी. विषयात बसते की नाही, हे ठरवणे परीक्षकाचे काम आहे. ते लेखकाने आपल्याकडे घेऊ नये.

शेवटच्या सल्ल्याला एक मर्यादा आहे. हाताशी असलेली प्रत्येक कथा प्रत्येक निवेदनाला पाठवत राहिल्यास संपादकाच्या टेबलावर त्या लेखकाचे नाव निराळ्या कारणाने ओळखीचे होते. शंका खरी असावी. आळसाला शंकेचे नाव देऊ नये.

'साभार परत' या दोन शब्दांचा धसका अनेकांना असतो. परंतु विषयाशी सैल नाते असलेली कथा परत आली, तर तिच्यावरचा तो निकाल नसतो. त्या अंकात, त्या वर्षी, त्या विषयाखाली तिला जागा मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. विषयाची चौकट गेल्यावर तीच कथा मोकळी होते आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरे निवेदन येते. तोवर तिची एक स्वच्छ प्रत तयार असावी आणि ती कोठे, कोणत्या तारखेला पाठवली होती, याची नोंद वहीत असावी.